दहा रविवार, शोकात्म नाटकं आणि मला आलेली धनगराची चिठ्ठी

वर्गाला नाव नाही. वाचनालयाच्या फलकावर पेनने लिहिलेला एक कागद टाचला होता: ‘शोकात्म नाटकांचे सामूहिक वाचन. दहा रविवार, सकाळी ९ ते १२. फी १२०० रुपये, विद्यार्थ्यांना ६००.’ मला वाटलं लिहिणाऱ्याची चूक झालीय, शब्द ‘शोकांत’ हवा. आता दहाही रविवार झालेत, आणि त्या एका शब्दापायीच माझे सहाशे रुपये वसूल झाले. दिवाळीनंतर पुढची तुकडी सुरू होतेय. नाशिकमध्ये किंवा आसपास राहणाऱ्या, मराठी किंवा इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुलामुलींनी जावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी मराठी विषय घेऊन तृतीय वर्षाला आहे. आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या पुढे. सकाळची एसटी पकडून निमाणीला उतरायचं, तिथून गंगापूर रोडला रिक्षा. वर्ग एका शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत भरतो. लाकडी डेस्क, भिंतीवर मुलांनी काढलेले घडे आणि केळी, कोपऱ्यात रंगांचे डाग पडलेलं बेसिन. आम्ही चौदाजण होतो: बँकेतून निवृत्त झालेले एक काका, रात्रपाळी संपवून थेट येणारी एक नर्स, एक वकील, राज्य नाट्य स्पर्धेत काम करणारे दोघं हौशी नट, बाकीचे आम्ही विद्यार्थी. वर्ग घेणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, आयुष्यभर कॉलेजात शिकवलेल्या. त्यांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून छापत नाही. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात.

पद्धत अशी. भाषण नाही. नाटकातल्या पात्रांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकतात, ज्याला जी येईल ती भूमिका त्याने वाचायची. बदलून मिळत नाही. बाईची भूमिका पुरुषाला येते, राजाची एकोणीस वर्षांच्या मुलीला. वाचताना कुणीही ‘थांबा’ म्हणू शकतं. फळ्यावर दोन रकाने आखलेले असतात: या क्षणी कुणाला काय ठाऊक आहे, आणि कुणाला काय ठाऊक नाही. प्रवेश संपला की ते रकाने आम्ही भरायचे. पहिल्या रविवारी मला हा पोरखेळ वाटला. तिसऱ्या रविवारपर्यंत मला कळलं होतं की नाटक त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभं असतं.

मी काय घेऊन गेले होते ते आधी सांगते. पहिल्या वर्षाला आम्हाला शोकांतिका होती. गाईडमध्ये पाच मुद्दे होते: नायक उच्च कुळातला, त्याच्या स्वभावात एक दोष, त्या दोषामुळे पतन, शेवटी मृत्यू, प्रेक्षकांच्या मनात करुणा आणि भीती. परीक्षेत ‘इडिपस’ या ग्रीक नाटकावर प्रश्न आला. मी लिहिलं, इडिपस गर्विष्ठ आणि शीघ्रकोपी होता, म्हणून त्याचा नाश झाला. दहापैकी आठ गुण मिळाले. ते उत्तर मी दोन वर्षं खरं मानून चालले.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, ‘शोकांतिका हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकला?’ कुणी म्हणालं, रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या बातमीत. कुणी म्हणालं, सामना हरल्यावर. वकील म्हणाले, रोजच्या अग्रलेखात. ‘हीच खरी शोकांतिका आहे’ असं आपण वाक्याच्या शेवटी पूर्णविरामासारखं टाकतो. मग बाईंनी फळ्यावर शोकांत आणि शोकात्म हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले. एकात शोक शेवटी आहे, दुसऱ्यात तो आत्म्याशी आहे. एस्किलस या ग्रीक नाटककाराची, बापाच्या खुनासाठी आईला मारणाऱ्या ऑरेस्टेसवरची तीन नाटकं इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सला झाली. त्यातलं शेवटचं नाटक न्यायसभेत सुटकेने आणि समेटाने संपतं, तरी ग्रीक लोक त्याला याच जातीचं नाटक म्हणत. नाटकाचं शास्त्र लिहिणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञानेही एके ठिकाणी घात होता होता ओळख पटून टळतो, अशा कथानकाला वरचा नंबर दिलाय. म्हणजे शेवटी माणसं मरायलाच हवीत हा गाईडमधला चौथा मुद्दा पहिल्याच तासाला गेला. मी वहीत तो खोडला. मागच्या बाकावरच्या नर्सताई तेव्हा सहज म्हणाल्या, विरेचन हा तर पंचकर्मातला, पोट साफ करण्याचा शब्द. बाई खूश झाल्या. अ‍ॅरिस्टॉटलचा बाप वैद्य होता, त्यामुळे ‘कॅथार्सिस’साठी, म्हणजे नाटक बघताना करुणा आणि भीतीचा जो निचरा होतो त्यासाठी, मराठीत हा शब्द रुळला ते किती चपखल, यावर अर्धा तास गेला. असे अर्धे अर्धे तास या वर्गात पुष्कळ जातात. वेळापत्रकाप्रमाणे काही व्हावं अशी अपेक्षा असेल तर त्रास होईल.

इडिपसला तीन रविवार दिले. भाषांतर बाईंनी स्वतः इंग्रजीवरून केलेलं, साधं, बोलता येण्यासारखं. माझ्या चिठ्ठीत निघाला धनगर.

मला वाईट वाटलं. धनगर येतो नाटकाच्या जवळजवळ शेवटी, एकाच प्रवेशात. दोन रविवार मी नुसती ऐकत बसले. थीब्ज नगरीत साथ आलीय, राजा इडिपस कारण शोधतोय. आधीच्या राजाचा, लायसचा खुनी सापडला की साथ जाईल असं दैवताने सांगितलंय. खुनी तोच आहे, लायस त्याचा बाप होता आणि राणी त्याची आई आहे, हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. मग कॉरिंथहून एक निरोप्या येतो. त्याला वाटतं आपण चांगली बातमी आणलीय. इडिपसला भीती आहे की आपल्या हातून बाप मरेल आणि आईशी लग्न होईल. निरोप्या त्याची भीती घालवायला सांगतो, अरे, तू त्या घरचा मुलगाच नाहीस, मी तुला लहानपणी डोंगरावर एका धनगराकडून घेतलं होतं. धीर द्यायला बोललेलं वाक्य, आणि त्याच वाक्याने सगळं फिरतं. अ‍ॅरिस्टॉटलने कथानकाच्या कलाटणीचं उदाहरण म्हणून नेमकी हीच जागा दिलीय. गाईडमध्ये ‘कलाटणी’ हा शब्द होता, हा निरोप्या नव्हता.

तिसऱ्या रविवारी मला बोलावणं आलं. निरोप्या वाचणारे बँकेतले काका अगदी आनंदाने म्हणाले, आठवतं का रे, ते पोर तू मला दिलं होतंस? तेच बघ, समोर राजा होऊन उभं आहे. माझं वाक्य होतं त्याला गप्प बसायला सांगण्याचं. मी ते वाचलं, आणि बाई म्हणाल्या, ‘थांबा.’ फळ्याकडे बोट दाखवून मला विचारलं, ‘या क्षणी धनगराला काय ठाऊक आहे, सांग.’

मी बघितलं तर धनगराच्या रकान्यात सगळंच होतं. लायसला मारलं गेलं तेव्हा वाचलेला एकटा माणूस तोच. नवा राजा गादीवर बसलेला पाहून राणीचा हात धरून मला लांब कुरणात पाठवा म्हणणाराही तोच. आणि राणीनेच मारायला दिलेलं, घोट्यांना भोकं पाडलेलं मूल ज्याच्याने मारवलं नाही, तोही तोच. इतकी वर्षं शेरडंमेंढरं राखत तो हे गिळून बसलाय. राजा त्याचे हात मागे पिरगाळायला लावतो तेव्हा तो सांगतो. का नाही मारलंस, असं विचारल्यावर त्याचं उत्तर एवढंच आहे की मला दया आली, वाटलं हा माणूस त्याला दूर देशी नेईल.

हे वाक्य मी वाचलं आणि पुढचं मला वाचता येईना. नर्सताईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

बाईंनी तेव्हा प्रश्न विचारला नाही. दहा मिनिटं चहा घेऊ म्हणाल्या. चहा झाल्यावर त्यांनी विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये मराठीत आणलेलं अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र फिरवलं. जुनी प्रत, पानं पिवळी, बांधणीला दोरा. नायक दुर्गुणामुळे कोसळत नाही, त्याच्या हातून ‘हॅमार्टिया’ होतो म्हणून कोसळतो, हा भाग आम्ही आळीपाळीने मोठ्याने वाचला. मूळ ग्रीक शब्द नेम चुकण्याचा आहे, बाण सुटतो आणि लागायचा तिथे लागत नाही, तसा. स्वभावातला दोष हा अर्थ त्यावर नंतर चढलेला. आणि भीती कशाची वाटते? तो आपल्यासारखाच आहे याची. बाईंनी एवढंच विचारलं, ‘या नाटकात सगळ्यात दयाळू कृत्य कोणतं?’ कुणी उत्तर द्यायची गरज नव्हती. धनगराला दया आली नसती तर मूल त्याच दिवशी संपलं असतं, आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

इथे मला घरचं लिहावं लागेल, नाहीतर मी या वर्गाला एवढं का मानते ते कळणार नाही.

आमच्या तात्यांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची, दीड एकर द्राक्षबाग होती. माझी बारावीची परीक्षा चालू होती तो मार्च. दोन्ही भावांच्या बागा एकाच वेळी काढणीला आल्या होत्या आणि काढणीची टोळी एकच मिळाली होती. व्यापारी तात्यांच्या बांधावर उभा होता, भाव ठरला होता. तात्यांनी टोळी आधी आमच्या बागेत पाठवली. मला पुढे नाशिकला घालायचं तर हातात पैसा हवा, हे पप्पा त्यांच्याजवळ बोलले होते. आमचा माल निघाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी गारा झाल्या. सकाळी मी तात्यांबरोबर बागेत गेले होते. तारेवर घड होते, पण एकेक मणी फुटलेला, रस खाली ठिबकत होता आणि माशा बसायला लागल्या होत्या. तात्यांनी एक घड तळहातावर धरला, तोलल्यासारखा, आणि सोडून दिला.

गावाने ठरवलं की तात्यांना हव्यास नडला. भाव चढेल म्हणून थांबला, चार पैशांच्या लोभाने बाग घालवली. पारावर, लग्नात, डेअरीवर, सगळीकडे तेच. पुढच्या वर्षी कर्जापायी बाग तोडली तेव्हाही तेच. तात्यांनी कधी उलटून सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पप्पांची मान खाली गेली असती. पप्पा बोलले नाहीत. मला सगळं ठाऊक होतं, मीही बोलले नाही. आणि मी परीक्षेत लिहून आले की इडिपस गर्विष्ठ होता, म्हणून त्याचा नाश झाला.

कोसळलेल्या माणसात दोष सापडला की आपण सुटतो. त्याला हव्यास होता, मला नाही, म्हणजे माझी बाग राहील. गावाला तात्यांचा दोष हवा होता आणि मला इडिपसचा, दोन्हीमागे हीच धडपड होती. भीती वाटायला नको म्हणून आपण अगोदरच करुणेवर झाकण ठेवतो. हे मी चौथ्या रविवारी वर्गात बोलून दाखवलं, तात्यांचं नाव न घेता. बाईंनी मान हलवली आणि पुढचं नाटक काढलं. त्यांच्या या न बोलण्याला मी फार किंमत देते.

पुढची नाटकं भरभर सांगते. ‘अँटिगनी’ला एकच रविवार मिळाला, तो अपुरा होता. राजा क्रेऑनने मनाई केली तरी अँटिगनी आपल्या भावाला माती देते, ते हे ग्रीक नाटक. वकिलांना क्रेऑनची चिठ्ठी आली आणि त्यांनी त्याची बाजू इतकी प्रामाणिकपणे वाचली की जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचं म्हणणं, इथे दोन न्याय्य बाजू एकमेकींवर आदळतात, वेगळं समजवावं लागलं नाही. ‘एकच प्याला’ दोन रविवार. सुधाकर दारूडा झाला म्हणून बुडाला एवढंच मला माहीत होतं. वकिलीची सनद काढून घेतल्याचा अपमान विसरायला तळीराम पहिला प्याला पुढे करतो, त्या प्रवेशाला कुणीतरी ‘थांबा’ म्हणालं आणि आम्ही तासभर तिथेच होतो. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले, नाटक रंगभूमीवर आलं त्यानंतर. त्यांना ते बघायलाच मिळालं नाही.

‘ऊरुभंग’ मात्र सावकाश सांगायला हवं. संस्कृत नाटक गोडच संपतं असं मी ऐकत आले होते, आणि बहुतेक वेळा ते खरंही आहे. भास या प्राचीन नाटककाराच्या नावावरची ही नाटकं शेकडो वर्षं हरवली होती, गणपतिशास्त्रींना केरळात ताडपत्रांवर सापडली आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमहून छापली गेली. एक अंकी नाटक. भीमाने मांड्या फोडलेला दुर्योधन जमिनीवरून सरपटत येतो. आईबाप येतात, राण्या येतात. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय येतो आणि नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला जातो. दुर्योधन त्याला अडवतो. बसायला मांडीच राहिलेली नाही. दुर्योधनाची चिठ्ठी हौशी नटांपैकी एकाला आली होती, राज्य नाट्यला बक्षीस मिळवलेला माणूस. तो वाचता वाचता नुसता हात पुढे करून थांबला, मुलाला लांब धरल्यासारखा. आयुष्यभर ज्याला खलनायक म्हणून ओळखलं, त्याच्याबद्दल माझ्या मनात काय होतंय ते मला वहीत लिहिता आलं नाही.

शेवटचे दोन रविवार ‘नटसम्राट’. शिरवाडकरांच्या गावात बसून ते वाचणं वेगळंच. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी बेलवलकर उभे केले. बँकेतल्या काकांनी तरुणपणी ते पाहिलं होतं आणि त्यांना घराचं ते स्वगत पाठ होतं, तरी बाईंनी त्यांना पाठ म्हणू दिलं नाही, कागदावरून वाचायला लावलं. पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचा, म्हणाल्या. पहिल्या अंकात बेलवलकर मिळवलेलं सगळं मुलांना देऊन टाकतात तिथे मी ‘थांबा’ म्हणाले. कारण तेही प्रेमापोटीच देतात. माझ्या वहीत त्या पानावर फक्त ‘टोळी आधी आमच्याकडे’ असं लिहिलेलं आहे.

आता तक्रारी. पंखा इतका खडखडतो की मागच्या दोन रांगांना हळू वाचलेलं ऐकू येत नाही. खिडकीजवळचं पुढचं डेस्क धरा. झेरॉक्स फिकट निघतात, ‘ऊरुभंग’च्या प्रतीत खालच्या ओळी अर्ध्या कापलेल्या होत्या. रविवारी शाळेचं मुलींचं स्वच्छतागृह पुष्कळदा बंद असतं, लांबून येणाऱ्या मुलींसाठी ही मोठी अडचण आहे आणि ती सोडवायलाच हवी. दहा रविवारांत सगळी नाटकं पुरुषांनी लिहिलेली होती. मी विचारल्यावर बाई पुढच्या वेळी बघू म्हणाल्या, त्यांनी ते खरंच बघावं. एखादा रविवार चुकला तर भरून मिळत नाही, ध्वनिमुद्रण करू देत नाहीत. परीक्षेसाठी नोट्स हव्या असतील तर इथे काही मिळणार नाही. माझ्या मैत्रिणीला दोन रविवारांत कंटाळा आला, तिने सोडला, आणि तिची उरलेली फी बाईंनी मोजून परत दिली.

फळ्यावरच्या दोन रकान्यांसाठी, चिठ्ठ्यांच्या डब्यासाठी आणि बाईंच्या भाषांतरासाठी मी पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा तारा स्वच्छतागृहासाठी कापला आहे. येताना पेन्सिल आणा, प्रतींवर पेनने लिहिलेलं बाईंना चालत नाही.

वर्ग संपला त्या रविवारी घरी आले तर तात्या ओट्यावर बसले होते. मोठी आई आत भाकरी करत होती, पप्पा होते, शेजारचे दोघं होते. काय शिकलीस एवढे रविवार, असं शेजारच्या आबांनी विचारलं. मी धनगराची गोष्ट सांगितली, राजापासून मुलापर्यंत सगळी. आणि मग म्हटलं, आपल्या तात्यांनीही हव्यासापायी बाग नाही घालवली, टोळी आधी आमच्याकडे पाठवली होती, माझ्या फीसाठी. पप्पा खाली बघत होते. ते हळूच ‘हो’ म्हणाले. आबा काही बोलले नाहीत. आतला भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता.

तात्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं, ‘त्या धनगराचं पुढं काय झालं गं?’

मी म्हटलं, नाटकात सांगितलेलं नाही.

‘मेंढरं घेऊन गेला असंल माघारी,’ तात्या म्हणाले, आणि मोठ्या आईला जेवायला वाढ म्हणून आवाज दिला.